हुडकेश्वरातली ड्रॅगलाइन

वास आधी गोपिकाबाईंना आला. सोमवारचा उपास होता, गॅसवर भगर शिजत होती. पण हा वास भगर लागल्याचा नव्हता. प्लास्टिक तापल्याचा होता, घशाला झोंबणारा. पदराला हात पुसत त्या समोरच्या खोलीत आल्या, तर ड्रॅगलाइनच्या बुडातून धुराची बारीक रेघ वर चढत होती आणि दोन म्हातारे पुरुष एकमेकांकडे न पाहता त्या रेघेकडे पाहत उभे होते.

ड्रॅगलाइन खरी म्हणाल तर उमरेडकडच्या उघड्या खाणीतलं यंत्र. कोळशावरची माती उपसून बाजूला टाकतं. दुमजली घराएवढं त्याचं धड, पुढे तिरपी निघालेली लांबच लांब लोखंडी भुजा, भुजेला दोरांवर लोंबणारी बकेट. आणि हे सगळं धूड जागच्या जागी आपल्या बुडावर फिरतं. गोपिकाबाईंचे यजमान रुपराव यांची सगळी नोकरी त्या यंत्राच्या केबिनमध्ये झाली. निवृत्त होऊन हुडकेश्वरला घर बांधल्यावर त्यांनी तेच यंत्र पत्र्याचं, पितळेचं, लहान करून घडवायला घेतलं. लहान म्हणजे सोफा उचलून व्हरांड्यात ठेवावा लागला, एवढं लहान. पत्रा, गिअर, दोर रुपरावांचे. मोटरी आणि तारा धम्मानंदांच्या. धम्मानंद त्याच यंत्रावर इलेक्ट्रिशियन होते. नंदनवनहून रोज दुपारी स्कूटरवर यायचे, कोरा चहा प्यायचे, संध्याकाळी "उद्या पाहू" म्हणून उठायचे. बायको गेल्यापासून त्यांची दुपार याच खोलीत जात होती.

अडचण फिरण्याची होती. वीज खालून येते, धड वर फिरतं. अर्धा फेरा झाला की तारांना पीळ बसायचा, आणखी फिरवलं की त्या तुटायच्या. म्हणून मधोमध स्लिप रिंग नावाचा भाग बसवावा लागतो. तार न पिळता तो फिरत्या भागाला वीज पोचवतो. तो रुपरावांनी कुणाला न विचारता मागवून घेतला होता. अंगठ्याएवढा, चकचकीत, त्यातून बारा रंगांच्या बारा तारा निघालेल्या. आज तो बसवला. बकेट परातीतल्या कोळशाच्या चुरीत रुतली, आणि मग हा वास.

"सोल्डर कच्चं आहे तुझं," रुपराव म्हणाले.

धम्मानंदांनी प्लग ओढून काढला. "काय म्हणला?"

"कच्चं म्हणलं. जोड नीट बसला नाही, म्हणून तापलं."

"रुप्या, बकेट रुतली, मोटर अडली. अडलेली मोटर चौपट वीज ओढते. अन् तुझी ही रिंग बाहुलीच्या घरातली. सायकलच्या कॅरिअरवर म्हैस बसवली तू, अन् म्हणतो दोरी कच्ची."

"बारा तारांची आहे ती."

"बारा तारा मी मागितल्या होत्या काय? मी तर तारा कमी कर म्हणून बोंबलून राहिलो."

"मशीन माझी आहे. बारा म्हणजे बारा."

सोल्डरिंगचं सामान धम्मानंदांनी थंड व्हायची वाट न पाहता फडक्यात गुंडाळलं आणि थैलीत टाकलं. दारात चपला घालताना मात्र थांबले.

"खाणीत माझ्याच हातच्या जोडांवर तू रात्र-रात्र मशीन चालवली बे. तवा नाही म्हणला कच्चं." मग गोपिकाबाईंकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, येत्या रविवारी मी पुण्याले जाऊन राहिलो. पोराकडे, सुशीलकडे. तो घ्यायले येऊन राहिला. आता तिकडेच. आज सांगीन म्हणून आलो होतो, सांगून झालं."

स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. रुपरावांनी पलंगावरची चादर ओढली आणि ड्रॅगलाइनवर टाकली. भुजा चादरीतून बाहेर राहिली. ती झाकायला दुसरी चादर हवी होती, ती त्यांनी आणली नाही.

गोपिकाबाईंनी त्यांना भगर वाढली. त्यांनी ती खाल्ली, पण तिला मीठ कमी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यावरून बाईंनी ओळखलं की काम साधं नाही.

गोपिकाबाईंचे नेम घरात सगळ्यांना पाठ होते. पहाटे अंघोळ झाली की तुळशीची पूजा आणि प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत मौन. सोमवार निरंकार नाही, पण मिठाचा हात आखडून. चातुर्मासात दरवर्षी एक नवा नेम. कधी वांगं सोडलं, कधी पलंग सोडला. यंदा कुहीच्या मंदिरात प्रवचन ऐकलं आणि वस्तू सोडायच्याऐवजी त्यांनी वेगळाच नेम धरला: कुणाचं टोचणारं बोलणं दुसऱ्याच्या कानी घालायचं नाही. वांग्यापेक्षा हे फार जड गेलं. वांगं निदान समोर आल्यावरच सोडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मानंद आले नाहीत. संध्याकाळपर्यंतही नाही. रुपराव व्हरांड्यातल्या सोफ्यावर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरकडे पाहायचे आणि पाहिलं नाही असं दाखवायचे.

"फोन करा ना," गोपिकाबाई म्हणाल्या.

"मी काहून करू? तूच कर. अन् सांग त्याले, का तू इलेक्ट्रिशियन नाही, तू लाइनमनचा हेल्पर..."

"ते नाही सांगत मी. माझा नेम आहे."

"तुझे नेम म्हणजे!" रुपराव वैतागले. मग सोफ्याच्या हाताची फाटकी कड नखानं उकरत म्हणाले, "जाऊन राहिला तर आधी मले सांगायचं नाही काय? दारातून सांगते, पाहुण्यासारखा. तेही तुले."

गोपिकाबाईंनी ते ऐकलं आणि मनात ठेवून दिलं. हेही तक्रारीचंच बोलणं. नेमात येत होतं.

बुधवारी त्या नंदनवनला गेल्या. धम्मानंदांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर तेवढी उरली होती, बाकी नुसते खिळे. खोक्यांच्या मधोमध एका स्टुलावर ते बसले होते. पाणी द्यायला पेला शोधायला लागले, तर पेले बांधून झालेले. शेवटी स्टीलच्या डब्याच्या झाकणात पाणी दिलं आणि दोघंही हसले.

"भाऊजी, मले हे समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "रिंग म्हणजे नेमकं काय असते? मी आणते दुसरी."

"तुम्ही?"

"हो. हे तर चादर टाकून बसले. अन् तुम्ही निघाले."

धम्मानंदांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. "तुमच्या बांगड्या पाहा. हात म्हणजे मधातला फिरणारा दांडा समजा. एकेक बांगडी म्हणजे एकेका तारेची वाट. आता मी बाहेरून एक मऊ तार एका बांगडीले नुसती टेकवून धरली, अन् तुम्ही हात फिरवला. बांगडी फिरून राहिली, तार जागेवरच आहे, पण टेकलेली आहे. टेकलेली आहे तोवर वीज जाते. जितक्या तारा, तितक्या बांगड्या. अन् बांगडी नाजूक, तिच्यावर भार जास्त, तर ती तापणारच. एवढंच आहे ते."

"एवढंच?"

"एवढंच. त्यालेही माहीत आहे. खाणीतल्या रिंगा आम्ही दोघांनी मिळून घासल्या आहेत." ते तसबिरीकडे वळले. "वहिनी, दुसरा कोणी म्हणला असता जोड कच्चा, तर मी हसलो असतो. पण तो म्हणला. एवढी मोठी भुजा घेऊन तो कड्याच्या काठावर बसायचा अन् खाली वाकून कधी विचारलं नाही, धम्मा, वायरिंग ठीक आहे ना म्हणून. मले तीच शाबासकी वाटे. आता पुण्यात मी दुपारी कोणाकडे जाऊ, सांगा."

गोपिकाबाईंनी झाकणातलं पाणी संपवलं.

तिथून त्या बसनं थेट शहराच्या मुख्य बाजारात, बर्डीला गेल्या. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या गल्लीत काउंटरवर अपेक्षा नावाची एक मुलगी होती, चष्मा कपाळावर सरकवलेली. स्लिप रिंग म्हटल्यावर तिनं तीन नमुने काढून ठेवले. एक रुपरावांच्यासारखाच अंगठ्याएवढा. एक जाडजूड, मधोमध आरपार भोक असलेला, बांगड्यांच्या चुड्यासारखा. आणि एक एवढा मोठा की त्यावर पोळपाट ठेवता यावा.

"काकू, कोणती देऊ ते सांगते, पण मला चार गोष्टी पाहिजेत," ती म्हणाली. "मधात दांडा आहे का, अन् असेल तर किती जाड? फिरतं किती जोरात? मोटर अडली तर किती करंट ओढते? चालताना नाही हां, अडल्यावर. लोक इथंच फसतात. अन् शेवटचं, खालून वर किती तारा न्यायच्या? किती आहेत ते नाही विचारून राहिली मी. किती न्यायलाच पाहिजेत?"

गोपिकाबाईंनी चारही प्रश्न जपासारखे मनात घोळवले आणि रिकाम्या हातानं घरी आल्या.

दांडा आणि वेग रुपरावांना ठाऊक होतं. त्यांनी दांड्याची जाडी सांगितली. हे सांगताना आपल्या रिंगेत भोक नसल्यामुळे ती दांड्याच्या टोकाला पट्टीनं आवळून बसवली होती, हेही त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि ते जरा ओशाळले. करंटचं मात्र "मले काय माहीत" म्हणून टाळलं. ते धम्मानंदांना ठाऊक होतं. गोपिकाबाईंनी नंदनवनला फोन लावला. "दोन मोठ्या अन् एक फिरवायची, तिन्ही एकदम अडल्या तर दहा-बारा अँपिअर धरा," धम्मानंद म्हणाले. "अन् त्याले सांगा, का हे मी तवाच सांगितलं होतं, पण त्याच्या कानात कोळसा..."

"भाऊजी."

"बरं. दहा-बारा."

राहिला चौथा प्रश्न. किती तारा न्यायलाच पाहिजेत? रुपराव म्हणाले, बारा. धम्मानंद म्हणाले, ते त्यालाच विचारा. बाईंनी परत रुपरावांना विचारलं. ते म्हणाले, सांगितलं ना, बारा. असं गुरुवारभर चाललं. बाईंनी दोन्हीकडचे टोमणे, रुसवे, कुरकुर काढून टाकली, आणि निव्वळ कामाचं तेवढं इकडून तिकडे पोचवलं. नेम कुठे मोडला नाही. रात्री देवाजवळ दिवा लावताना त्यांना समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

जेवताना रुपराव म्हणाले, "पाहिलं? अँपिअर तेवढे सांगितले. जाऊन राहिला त्याचं काही नाही. त्याले काही फरकच पडत नाही."

घास गोपिकाबाईंच्या हातातच राहिला. धम्मानंद खोक्यांमध्ये बसून जे बोलले ते त्यांनी पोचवलंच नव्हतं. सोफ्यावर बसून रुपराव जे बोलले तेही नाही. त्या बोलण्यात टोचणारं होतं, म्हणून त्यांनी सगळंच्या सगळं बाजूला ठेवलं होतं. तांदूळ निवडताना खड्याबरोबर मूठभर दाणेही फेकावेत, तसं. पण आता सांगायला जावं तर कुठून सुरुवात करावी, आणि नेमाचं काय करावं, हे त्यांना कळेना. त्या पडून राहिल्या आणि तुळशीमायला म्हणाल्या, तूच पाहा.

शुक्रवारी पहाटे अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून त्या अंगणात आल्या. हळदकुंकवानं बोटं भरलेली, तोंडात मौन. रुपराव शेजारच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. इतक्यात फोन वाजला. पडद्यावर धम्मानंदांचं नाव. बाईंनी कोपरानं... नाही जमलं, करंगळीनं फोन घेतला आणि कानाशी धरला.

"वहिनी, तुमचं मौन असन," पलीकडून आवाज आला. "म्हणूनच आत्ता केला. बाकी वेळी तुम्ही मधात 'भाऊजी' म्हणता अन् माझं तोंड बंद करता. आज ऐकून घ्या."

गोपिकाबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं, फोन ओट्यावर रुपरावांच्या कपाशेजारी ठेवला आणि तुळशीकडे वळल्या. मौन तोंडाचं असतं. बोटांचं त्यांनी कधी धरलं नव्हतं.

"मी तुमच्याजवळ एवढं बोललो," फोन म्हणत होता, "अन् त्याच्याकडून काय उलट आलं? दांडा इतका जाड. हे काय उत्तर झालं? मले माहीत आहे, तुम्ही गाळून नेलं. चांगल्या मनानं नेलं. पण वहिनी, काही गोष्टी गाळायच्या नसतात. त्याले सांगा, का मले जायचं नाही. पोराचं मन मोडवत नाही म्हणून जाऊन राहिलो. अन् जायच्या आधी एकदा ती मशीन पुरा गोल फिरलेली पाहायची होती मले. बस."

रुपरावांचा कप तोंडाशी थांबला होता. बाईंनी पहिली प्रदक्षिणा सुरू केली.

"अन् चौथा प्रश्न. किती तारा, किती तारा. त्याले एवढंच विचारा, जन्मभर तो बसला कुठी? खाली उभा राहून चालवली काय मशीन? वर बसत होता ना? दांडे वर, बटणं वर, चालवणारा वर. खालून वर फक्त वीज येत होती. आता ह्यानं काय केलं? केबिनमधली खुर्ची रिकामी ठेवली, अन् चालवणाऱ्याले खाली आणून बसवलं, हातात बटणांचा डबा देऊन. मग त्याच्या मागं बारा तारा खाली उतरणार नाही तर काय! रिमोटचा रिसीव्हर ठेव म्हणलं त्या खुर्चीवर, तर म्हणे खेळणं होते. वहिनी, खेळणं तर..."

"वरच बसत होतो," रुपराव म्हणाले.

तुळशीभोवती बाईंच्या पावलांचा तेवढा आवाज.

"कोण, रुप्या?"

"दुसरं कोण राहीन माझ्या घरी सकाळी सकाळी?"

"तू चोरून ऐकून राहिला काय बे?"

"तू माझ्या बायकोजवळ माझी चुगली करून राहिला, अन् मी चोर?" रुपरावांनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, खडखडला. "वरच बसत होतो गा. आता खाली आलो तर सारं खालीच ओढून घेतलं. ध्यानातच नाही आलं."

"मग किती तारा?"

रुपराव चादरीबाहेर निघालेल्या भुजेकडे दारातून पाहत राहिले. ओठ हलत होते. भुजेची मोटर वर. बकेटची वर. फिरवायचीही वरच. मशीन ज्यांवर पाऊल टाकत सरकते ते बूट, तेही धडालाच लागलेले. दिवे वर.

"दोन," ते म्हणाले.

"हां," धम्मानंद म्हणाले. "दोन."

"अन् पुण्याले जायचं नाही तर मले काहून नाही सांगितलं?"

"तू बोलू देतो काय? आलो तर सोल्डर कच्चं."

बाईंची प्रदक्षिणा ठरल्यापेक्षा बरीच जास्त झाली. त्या मोजायच्या विसरल्या होत्या, आणि थांबल्या असत्या तर बोलावं लागलं असतं. तेव्हा त्या फिरत राहिल्या.

दुपारी दोघं धम्मानंदांच्या स्कूटरवर बर्डीला गेले. येताना रुपराव मागे बसून डबा छातीशी धरून होते, लग्नातला आहेर आणावा तसा. रिंग आरपार भोकाची होती. दांड्यावर सरळ ओवली जाणारी. पण अगदी दोन तारांची जाड रिंग अपेक्षाकडे नव्हती. होती ती सहा तारांची, एकेक वाट पाच अँपिअरची.

"मग तीन-तीन एकत्र बांधू," धम्मानंद जेवणाच्या ताटावरच समजावत होते. "येणाऱ्या तीन, जाणाऱ्या तीन. भार तिघींत वाटला जाते. पंधरा झाले. आपल्याले बारा पाहिजेत."

"सहा घेतल्या म्हणजे बाराच्या अर्ध्या तर झाल्याच," रुपराव म्हणाले. "म्हणजे मी अर्धा बरोबर होतो."

"वहिनी, ह्याले कढी वाढा. तोंड भरलेलं बरं."

शनिवारी सकाळपासून खोलीत काम चाललं. चादर निघाली. केबिनमधल्या पत्र्याच्या खुर्चीवर रिसीव्हर बसला. तो जरा रुंद होता, म्हणून रुपरावांनी खुर्चीचे हात कापले. रिंग दांड्यावर सरकवून ते चारही बाजूंनी स्क्रू आवळायला लागले, तर धम्मानंदांनी त्यांचा हात धरला.

"एकच बाजू कस. दुसरीले नुसता आधार दे, फिरू नये इतका. दोन्हीकडून आवळली तर आतल्या आत घासून मरते ती."

रुपरावांनी मुकाट्यानं दोन स्क्रू ढिले केले. मग तारा जोडायची वेळ आली. सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलेलं होतं आणि ते रुपरावांच्या हाताजवळ होतं. ते कितीतरी वेळा स्वतः जोड मारायचे. येत नव्हतं असं नाही. त्यांनी ते उचललं, लाकडी मूठ धम्मानंदांकडे फिरवली आणि पुढे केलं.

"तू मार," म्हणाले. "तुझा पक्का असते."

धम्मानंदांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढून पुसला. मग जोड मारला. गोपिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात शेवया घेऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत आणि बाहेरही आल्या नाहीत.

प्लग लावला. रुपरावांनी रिमोट हातात घेतला आणि धडानं कूस बदलल्यासारखी सुरुवात केली. भुजा टीव्हीवरून गेली, कॅलेंडरवरून गेली, खिडकी, देवघराचा कोपरा, दार. अर्ध्या फेऱ्यावर रुपरावांचा अंगठा सवयीनं थबकला. इतके दिवस इथूनच परत फिरवावं लागत होतं. मग त्यांनी तो तसाच पुढे रेटला. भुजा धम्मानंदांच्या डोक्यावरून गेली, ते वाकले नाहीत, तिनंच वाट काढली. आणि निघाली तिथे परत आली. आणि थांबली नाही. पुन्हा टीव्ही, पुन्हा कॅलेंडर.

"अडव," धम्मानंद म्हणाले. "अडवून पाहू."

बकेट चुरीत रुतवली. मोटर घुरघुरली. धम्मानंदांनी बुडात हात घालून बोटं रिंगेवर ठेवली आणि डोळे मिटले. आजारी लेकराचं कपाळ पाहावं तसे ते कितीतरी वेळ तसेच होते.

"कोमट," ते म्हणाले. "नुसती कोमट."

मग शेवया झाल्या, चहा झाला. मशीन आणखी तीनदा उगाचच फिरवून झाली. बाहेर ऊन उतरलं तसे धम्मानंद घड्याळाकडे पाहायला लागले. सुशील संध्याकाळी पोचणार होता आणि उद्याची गाडी होती. ते आपलं सामान आवरत असताना रुपराव फडकं घेऊन भुजा पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

"देखभालीचं सांगून ठेव," ते पाठमोरेच म्हणाले.

"काही नाही. ही सीलबंद असते. आतून सोन्याचा मुलामा आहे. एकही स्क्रू नाही हिले, उघडशीन कुठून? खाणीतल्यासारखं ब्रश काढा, भुगा झाडा, ते काही नाही आता."

"दिवाळीपर्यंत काळा भुगा होईन आत."

"होत नाही ना गा. सांगून राहिलो..."

"होते." रुपराव भुजेची तीच जागा पुसत होते. "खाणीत होत होता. कोण साफ करीन मग? मले जमत नाही. माझे हात जाड आहेत."

धम्मानंदांनी रिंगेकडे पाहिलं. गुळगुळीत काळी चकती, फट कुठेच नव्हती. मग त्यांनी रुपरावांच्या पाठीकडे पाहिलं.

गोपिकाबाई रिकाम्या वाट्या उचलत होत्या. रिंग उघडत नाही हे दुकानातल्या पोरीचं बोलणं दोघांनी काल जेवताना त्यांच्यासमोर दोनदा सांगितलं होतं. त्यांनी वाटीत वाटी ठेवली.

"होईन," धम्मानंद म्हणाले. "दिवाळीपर्यंत होईनच भुगा. येऊन पाहा लागन."

"मुक्कामानं येजो," रुपराव म्हणाले. "एका दिवसाचं काम नाही ते."